एमसीआयचं निदान झालंय, डिमेन्शिया अजून नाही: अशा वेळी मानसोपचाराचा उपयोग होतो का?

केवडा
नमस्कार. आरोग्य विभागातले जुने धागे चाळले. डिमेन्शिया झालेल्यांना कसं सांभाळावं यावर भरपूर लिहिलंय, पण 'अजून झालेला नाही, होऊ शकतो' अशा माणसांबद्दल काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

आई ६८ वर्षांची, सांगलीला असते. माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. गेलं वर्षभर नावं आठवत नाहीत, तीच गोष्ट दोनदा सांगते, गॅसवर दूध ठेवून विसरते. न्यूरॉलॉजिस्टनी बी-१२, थायरॉइड, एमआरआय सगळं केलं आणि स्मरणशक्तीची लेखी-तोंडी चाचणी घेऊन सांगितलं की एमसीआय (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट) आहे, म्हणजे वयाच्या मानाने विसरणं जास्त, पण रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमतात. "सहा महिन्यांनी परत दाखवा." संपलं.

खरी अडचण पुढे आहे. माझ्या आजीला डिमेन्शिया होता आणि शेवटची सगळी वर्षं आईनेच तिचं केलं. त्यामुळे चष्मा सापडला नाही तरी "झालं, माझंही सुरू झालं" म्हणून बसते. भिशीला जाणं बंद. मैत्रिणींचे फोन उचलत नाही, कारण "मी तेच तेच बोलते, त्या मागून हसत असतील". रात्री दोन-अडीचला उठून सगळ्या नातवंडांच्या जन्मतारखा मनात म्हणून बघते. एखादी अडली की सकाळपर्यंत झोप नाही.

भावाने टॅबवर मेंदूच्या खेळांचं ॲप घालून दिलंय. त्यात गुण कमी आले की रडते. मला वाटतं तिने मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं, पण तिचं म्हणणं, "मला विसरायला होतंय, वेड नाही लागलेलं." भाऊपण म्हणतो गप्पा मारून काय होणार. कोणाला अनुभव?

खारीबिस्किट
भाऊ बरोबर बोलतोय. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं, पेशी मरतात. त्यावर दर आठवड्याला तासभर बोलून आणि वर फी भरून काय होणार? त्यापेक्षा रोज शब्दकोडं, सुडोकू, अर्धा तास चालणं. फुकटात होतं.

रिकामटेकडा
सुडोकूने फक्त सुडोकू चांगलं येतं हो. माझे काका 'अवघड' पातळीचं सोडवतात आणि स्कूटर कुठे लावली ते विसरतात.

मोरपंखी_निळा
केवडा, एक बघून घ्या. आई झोपेची गोळी किंवा ॲलर्जी-सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या नेमाने घेतात का? त्यातल्या काहींनी वयस्कर माणसांचं विसरणं वाढतं. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून फिजिशियनपुढे ओता. आणि कान तपासलेत का? ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार!

केवडा
गोळ्या बीपीच्या आणि कॅल्शियमच्या. कान नाही तपासले. टीव्ही मात्र शेजारच्यांना ऐकू जाईल एवढा मोठा असतो.

दगडफूल
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ज्येष्ठांसोबतच जास्त काम करते. प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी खारीबिस्किट यांच्यासाठी. बोलण्याने अमायलॉइड विरघळतं असं शहाण्या माणसाने म्हणू नये, आणि तसं कोणी जाहिरातीत म्हणत असेल तर त्याच्याकडे जाऊ नये. पण डिमेन्शियाचा धोका फक्त प्रथिनांवर ठरत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल सांगतो की जगातले साधारण ४५ टक्के डिमेन्शिया ज्या १४ गोष्टींशी जोडता येतात त्या निदान तत्त्वतः तरी बदलता येण्यासारख्या आहेत. त्यात बीपी, मधुमेह, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), कमी ऐकू येणं, कमी दिसणं, धूम्रपान वगैरे आहेतच, आणि नैराश्य व एकटेपणाही आहेत. केवडा यांच्या वर्णनात शेवटच्या दोन्ही गोष्टी ढळढळीत दिसतात. त्या तशाच राहू द्यायच्या आणि सुडोकू द्यायचं, हे मला समजत नाही.

एमसीआय म्हणजे डिमेन्शियाचं तिकीट काढून ठेवलंय असंही नाही. स्मृतिदवाखान्यांत येणाऱ्यांपैकी दर वर्षी साधारण १० ते १५ टक्के पुढे डिमेन्शियाकडे जातात. बरेच जण वर्षानुवर्षं तिथेच राहतात, आणि काही जण पुढच्या तपासणीत चक्क नेहमीच्या पातळीवर आलेले असतात. मूळ कारण नैराश्य, झोप किंवा औषध असेल तर तर येतातच.

आता पुरावा. फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय ज्येष्ठांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मरणशक्तीचाच एमसीआय असलेले २२१ जण. निम्म्यांच्या घरी जाऊन प्रशिक्षित आरोग्यसेविका 'बिहेवियर ॲक्टिव्हेशन' करायच्या. तुम्हाला पूर्वी काय आवडायचं, त्यातलं काय सुटलं, या आठवड्यात त्यातलं नेमकं काय, कुठल्या वारी, किती वाजता करायचं, हे ठरवून कागदावर लिहायचं आणि पुढच्या भेटीत बघायचं. उरलेल्या निम्म्यांकडे जाऊन फक्त आपुलकीने ऐकून घ्यायचं. दोन वर्षांनी शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत ठळक घसरण झालेले पहिल्या गटात १.२ टक्के निघाले, दुसऱ्यात ९.३ टक्के. 'नुसत्या गप्पा' दोन्हीकडे होत्या, हे भावाला आवर्जून दाखवा. फरक पडला तो आखून केलेल्या कामाने.

पण हा एका शहरातला, लहान प्रयोग आहे आणि त्यात मोजली ती स्मरणशक्ती. 'डिमेन्शिया टळला' असं त्यावरून म्हणता येत नाही.

खारीबिस्किट
आकडे दिल्याबद्दल आभार. मग याहून मोठं काही आहे का? २२१ म्हणजे आमच्या सोसायटीत याहून जास्त म्हातारे आहेत.

दगडफूल
:) आहे. इंग्लंडच्या सरकारी मानसोपचार सेवेत आलेल्या, ६५ वर्षांवरच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांच्या नोंदी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या (यूसीएल) गटाने तपासल्या. उपचारानंतर ज्यांचं नैराश्य खरोखर कमी झालं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत डिमेन्शियाचं निदान होण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी कमी निघालं.

तुम्ही पुढे काय विचारणार ते माहीत आहे.

खारीबिस्किट
विचारतोच. हा नुसता सहसंबंध झाला. ज्यांचा मेंदू आधीच पोखरला जातोय त्यांचं नैराश्यच बरं होत नसेल. म्हणजे उलटा कार्यकारणभाव.

दगडफूल
अगदी शक्य आहे. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी डिमेन्शियाचीच पहिली चाहूल असतं. म्हणून मी माझ्या पेशंटना '१२ टक्के' सांगत बसत नाही. नैराश्य आहे, त्यावर इलाज आहे, तो इलाज पासष्टीनंतरही लागू पडतो, एवढं सांगते.

तुमच्या बाजूचा आणखी पुरावा मीच देते. २०२२ मध्ये दोन प्रयोग आले. अमेरिकेत विसरायला होतंय अशी तक्रार असलेल्या ५८५ ज्येष्ठांना माइंडफुलनेस, व्यायाम, दोन्ही, किंवा नुसती आरोग्याची माहिती दिली. माइंडफुलनेसने स्मरणशक्तीत फरक नाही, आणि तुमच्या फुकटच्या व्यायामानेही नाही. फ्रान्समध्ये १३७ जणांपैकी काहींनी दीड वर्ष ध्यान केलं, काहींनी इंग्रजीचा वर्ग, काहींनी यातलं काहीच नाही, तरी मेंदूच्या ज्या भागांकडे लक्ष ठेवलं होतं त्यांच्या आकारमानात फरक दिसला नाही. तेव्हा 'ध्यान करा, डिमेन्शिया पळवा' असली शिबिरं भरवणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

पोरसूं
गोव्यातून लिहितोय. इथल्या एका कामाचा उल्लेख झालाच पाहिजे. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, उदासपणाची सुरुवात असलेल्या पण पुरतं नैराश्य नसलेल्या १८१ ज्येष्ठांवर प्रयोग केला. सायकॉलॉजिस्ट नव्हते, शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक होते. अडचण सोडवायची कशी याच्या पायऱ्या, झोपेच्या सवयी, मधुमेह-बीपीची काळजी आणि सरकारी योजना मिळवून द्यायला मदत, असं सगळं एकत्र. वर्षभरात समुपदेशन मिळालेल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्य आलं, नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना. २०१९ ला प्रसिद्ध झालं. डिमेन्शियावर नाही, पण आपल्याकडच्या साठीपुढच्या माणसांना हे पचतं आणि त्यासाठी मोठ्या डिग्रीची माणसंच लागतात असं नाही, हे दिसतं. पेन्शनचा अर्ज भरून देणं हाही उपचाराचा भाग, हे मला फार आवडलं.

उंबरठा
+१. देशात साठीपुढचे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगताहेत असा अंदाज आहे (२०२३ मध्ये आलेला, ७.४ टक्के). एमसीआयवाले वेगळेच. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ आणणार कुठून?

तिसरी_घंटा
आमच्या बाबांचा अनुभव. डोंबिवली, वय ७४, एलआयसीतून निवृत्त. सोसायटीचे खजिनदार होते. वार्षिक सभेत मेंटेनन्सच्या थकबाकीची बेरीज चुकली, एका सभासदाने चारचौघांत सुनावलं. घरी आले, राजीनामा लिहिला आणि त्यानंतर सोफा धरला. दिवसभर तेच पासबुक उघडून बघायचे. आईवर खेकसायचे. पुढे चाचणीत एमसीआय निघाला.

सायकॉलॉजिस्टकडे यायला तयार नव्हते. "मला बेरीज लागत नाही एवढंच, समुपदेशन कसलं?" आईच्या गुडघ्यांसाठी त्याच ट्रस्ट हॉस्पिटलात जायचं होतं, तेव्हा "चला, बीपीपण बघून घेऊ" म्हणून नेलं. तिथल्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी भावनांबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही हिशेबातले. आठवडाभराची रोजकीर्द ठेवाल का? किती वाजता काय केलं, सोबत कोण होतं आणि बरं किती वाटलं ते दहापैकी." बाबांनी घरी येऊन फूटपट्टीने रकाने आखले, लाल पेनने डावीकडे समास मारला. आठवड्याचं पान बघितलं तर सगळीकडे दोन, तीन, दोन. मंगळवारी संध्याकाळी एकदम सात! त्या दिवशी नवा खजिनदार पावतीपुस्तकातलं काहीतरी विचारायला आला होता.

बाईंनी तेवढाच धागा पकडला. परत खजिनदार व्हायचं नाही. रविवारी सकाळी दहा ते बारा ऑफिसात बसून पावत्या हाताने लिहायच्या आणि शिक्का मारायचा. बेरीज नवा मुलगा करणार. बाबा आधी फुगले, "म्हणजे मी कारकून?" त्यावर दोन भेटी गेल्या. चूक झाली की नेमकं काय होईल, लोक काय म्हणतील, त्यातलं सभेत प्रत्यक्ष किती जण बोलले होते (एक!), हे सगळं त्यांनी बाबांकडूनच लिहून घेतलं. मग एका रविवारी गेले. अजून जातात. बी-विंगचे जोशी चहा पाठवतात.

खारीबिस्किट
आणि स्मरणशक्ती?

तिसरी_घंटा
वर्षाने चाचणी केली तेव्हा दोनएक गुण कमीच आले. पण कीर्दीत पाच-सहा दिसतात, आई निवांत आहे, आणि पावतीवर फ्लॅट नंबर चुकला तर बाबा स्वतःच खोडून सही करतात. मला तेवढ्यात फी वसूल वाटते.

परदेशी_पाहुणी
इंग्लंडमधल्या लेस्टरहून. इथे २००८ पासून सरकारी बोलण्याच्या उपचारांची सेवा आहे, डॉक्टरची चिठ्ठी न घेता स्वतः नाव नोंदवता येतं. तरी ज्येष्ठ फार कमी येतात आणि आपले गुजराती-मराठी आजी-आजोबा तर अजूनच कमी. माझ्या सासूबाईंना फोनवरचं सेशन मिळालं, इंग्रजीत, आणि त्या सगळ्याला "यस यस" म्हणत राहिल्या. केवडा, आईंसाठी मराठीत बोलणारी व्यक्तीच शोधा.

केवडा
तिसरी_घंटा, वाचताना हसू आलं आणि रडूही. फूटपट्टी म्हणजे आमच्याकडचीच गोष्ट.

दगडफूल, आईचा मूळ प्रश्न भीतीचा आहे. "तुला नाही होणार गं" म्हटलं की ती चिडते, म्हणते तुला काय माहीत. आणि खरंच मला काय माहीत? अशा वेळी थेरपीत काय बोलतात?

दगडफूल
'नाही होणार' असं आम्ही म्हणतच नाही. तेवढ्यासाठी तरी आई तुमच्यापेक्षा आमच्यावर जास्त विश्वास ठेवतील.

रात्री अडीचला जन्मतारखा म्हणून बघणं, याला आम्ही तपासणीची सवय म्हणतो. काळजीत असलेल्या माणसाचं लक्ष 'मला आठवतंय का' याच्यावर असतं, मग आठवायला जागाच उरत नाही. अडखळलं की भीती वाढते, की परत तपासणी. २०२० मध्ये नताली मर्चंट यांच्या गटाने दाखवलं की नकारात्मक विचारांचं असं रवंथ सतत करणाऱ्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती जास्त घसरते आणि मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ (तसंच साठणारं दुसरं प्रथिन) हेही जास्त आढळतं. कशामुळे काय होतं हे त्यातून ठरत नाही (खारीबिस्किट, तुमच्या आधी मीच सांगितलं). पण ते चक्र तोडायला कारण म्हणून रात्रीची झोप पुरेशी आहे.

पद्धत साधारण अशी. तपासणी एकदम बंद करायला सांगत नाही, तिला वेळ नेमून देतो. संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा, खुर्चीत बसून, वहीत लिहून. रात्री विचार आला तर 'उद्या साडेपाचला'. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांना साडेपाचला लिहायला फारसं सुचत नाही.

मग मैत्रिणीचा फोन. करण्याआधी आईंनी लिहायचं की काय होईल असं वाटतंय: 'मी तेच बोलेन, ती कंटाळून फोन ठेवेल.' मग फोन करायचा आणि सुरुवातीलाच सांगायचं, "मला हल्ली विसरायला होतं, दोनदा सांगितलं तर टोक." नंतर खरं काय झालं ते शेजारी लिहायचं. गणिताच्या बाई आहेत, ताळा करून बघणं त्यांना आवडेल.

तिसरी गोष्ट आजींची. सासूचं किंवा आईचं सगळं केलेल्या बायकांच्या मनात त्या शेवटच्या वर्षांची चित्रं पक्की बसलेली असतात: अंथरूण, लघवीचा वास, ओळख न देणारे डोळे. त्यांच्या लेखी डिमेन्शिया म्हणजे फक्त तेवढंच. यावर घाई करत नाही. पण 'पुढे तसं झालंच तर मला काय हवं, काय नको' हे त्या आज, शुद्धीत असताना सांगू शकतात. कुणाकडे राहायचं, बँकेत नॉमिनी कोण, मृत्युपत्र, उपचार कुठवर करायचे. हे विषय काढले तर आई खचेल असं मुलांना वाटतं. माझ्या खोलीत उलट होतं, बहुतेक जणींना हायसं वाटतं.

आणि ते ॲप आजच्या आज काढा.

खारीबिस्किट
ॲपबाबत पूर्ण सहमत, भले मी सुडोकूवाला असलो तरी. एक शंका: एमसीआयवाल्याला थेरपीत ठरलेलं लक्षातच राहत नसेल तर?

दगडफूल
रास्त शंका. म्हणून सगळं कागदावर, मोठ्या अक्षरात, एका भेटीत एकच गोष्ट. शेवटची दहा मिनिटं घरातलं कोणीतरी आत येतं, पेशंटची परवानगी घेऊन. भेटी छोट्या आणि शक्यतो सकाळच्या. न्यूयॉर्कमध्ये विसरणं आणि नैराश्य दोन्ही असलेल्यांसाठी घरी जाऊन करायची १२ आठवड्यांची एक पद्धत तयार झालीय, त्यात कॅलेंडर, चिठ्ठ्या आणि घरच्यांची मदत उपचारातच धरलेली आहे. नैराश्य नुसत्या आधाराच्या बोलण्यापेक्षा जास्त कमी झालं. डिमेन्शिया थोडाफार झालेले लोकही त्यात होते.

उंबरठा
शोधायचं कुठे हेही सांगा ना. हल्ली कोणीही 'माइंड कोच' असतं.

दगडफूल
क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असते, क्रमांक विचारा. विचारल्याचा त्यांना राग आला तर दुसरीकडे जा. 'ज्येष्ठांसोबत काम केलंय का' हे फोनवरच विचारा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात खर्च नगण्य असतो, फक्त थांबावं लागतं. तोवर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. झोप, भूक अगदीच गेली असेल किंवा 'जगून काय करू' असं बोलत असतील तर थेट सायकियाट्रिस्ट. तेव्हा वाट बघत बसायचं नाही.

मोरपंखी_निळा
आणि कान! २०२३ चा अमेरिकेतला प्रयोग: ९७७ जण, तीन वर्षं. सगळे मिळून बघितलं तर श्रवणयंत्राने फरक नाही, पण ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांच्यात स्मरणशक्ती-विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. शिवाय ऐकू न येणाऱ्या माणसाशी थेरपिस्ट काय डोंबल बोलणार!

रिकामटेकडा
माझ्या काकांना धाग्याची लिंक पाठवली. त्यांनी 'छान माहिती' लिहून गुलाबाचं फूल पाठवलंय. वाचलेलं नाही.

केवडा
अपडेट. तिसरी_घंटाची युक्ती वापरली, "झोपेसाठी दाखवू" म्हणून मिरजेला नेलं. बाई मराठी, मूळच्या कोल्हापूरच्या. आई पहिली वीस मिनिटं त्यांचीच परीक्षा घेत होती, शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम करताय. बाहेर आल्यावर म्हणाली, "पोरगी हुशार आहे. पण अक्षर वाईट." पुढच्या आठवड्याची वेळ स्वतःच घेतली.

साडेपाचची वही सुरू झालीय. दोन रात्री सलग झोपली, तिसऱ्या रात्री परत उठली. भिशीचं नाव काढलेलं अजून आवडत नाही. ॲप काढलं, भाऊ थोडा हिरमुसला, मग त्याच टॅबवर त्याने शाळेच्या सहलींचे जुने फोटो भरून दिले.

आता कान. आईला आणखी एका दवाखान्यात जायचा कंटाळा आलाय. सांगली-मिरजेत घरी येऊन श्रवणचाचणी करणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.

मोरपंखी_निळा
व्यनि केलाय. आधी कानातला मळ काढून घ्या म्हणावं, अर्ध्या वेळा तेवढंच असतं.